मुलकेरिनच्या गोठ्यातली रात्र

१

गोठ्याकडून हाका आल्या तेव्हा ग्रॉनिया फॅलनला वाटलं, एखादं जनावर पाय घसरून पडलं असेल. गुरांच्या सरकारी डॉक्टरला सकाळच्या पारी दुसऱ्या कशासाठी बोलावणार? हातातला चहा तसाच ठेवून ती धावली. पण गोठ्याच्या बोळात पडलं होतं ते जनावर नव्हतं. म्हातारा मॅलकी मुलकेरिन पडला होता. हा सगळा मांसाचा कारखाना ज्यानं उभा केला, तो मॅलकी.

त्याच्या आजूबाजूला आठ तगडे खोंड मोकळे उभे होते. परदेशातून आलेला गोठ्यावरचा कामगार व्हाल्देसीर बाटिस्टा दोन्ही हात पसरून, तोंडानं हळूहळू 'होऽ, होऽ' करत त्यांना कप्प्यात मागे सारत होता. खोंडही शहाण्यासारखे वळले आणि मुकाट आत गेले. व्हाल्देसीरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण त्यानं आवाज म्हणून चढू दिला नाही.

"कडी उघडी होती, डॉक्टर," तो पुटपुटला. "पण मी संध्याकाळी लावली होती हो. बायकोच्या पोटातल्या पोराची शपथ, लावली होती!"

ग्रॉनियानं गुडघे टेकून म्हाताऱ्याच्या मानेला हात लावला. अंग अजून पुरतं गार पडलेलं नव्हतं. बरगड्या चेपल्या होत्या, कोटावर खुरांचे ठसे होते. 

तोवर अट्रॅक्टा आली होती. मॅलकीची थोरली, पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची. आई वारली तेव्हा शाळा सोडून बापाच्या खाटीकदुकानात उभी राहिली, आणि त्या एका दुकानाचा दोनशे माणसांचा कारखाना होईपर्यंत बसलीच नाही. दारावरच्या पाटीवर मात्र 'मुलकेरिन अँड सन'. तो सन म्हणजे धाकटा फर्गल, त्याला रक्त बघून घेरी यायची. तो गॉल्वे शहरात राहून हिशेब बघायचा.

अट्रॅक्टानं बापाकडे बघितलं. रडली नाही. मग तिनं त्या कप्प्याकडे बोट केलं.

"आज सगळ्यांत आधी हे आठ कापा."

"अट्रॅक्टा, आज तरी कापायची लाइन बंद..." ग्रॉनिया बोलायला गेली.

"आईला पुरलं त्या दिवशी दुकान चालू होतं. आज लाइनही चालेल. गोठा रिकामा करायचा, एकूण एक. माझ्या बापाला तुडवणारी जनावरं संध्याकाळपर्यंत इथं जिवंत दिसता कामा नयेत." मग ती गावच्या पोलीस सार्जंट कॉइनकडे वळली. तो नुकताच धापा टाकत आला होता. "रात्रभर डुरकत होते मेले! माझ्या खिडकीपर्यंत आवाज येत होता. मी उठायला हवं होतं, मॉरिस. मी का नाही उठले?"

सार्जंटनं टोपी काढली आणि तो व्हाल्देसीरकडे रोखून बघत राहिला.

२

दुसऱ्या दिवशी सार्जंटनं व्हाल्देसीरला चौकीत नेलं. गोठ्यातून शेवटी निघालेला तोच, सकाळी पहिला आलेला तोच, कडी त्याच्या ताब्यातली. आठवड्यापूर्वी म्हातारा त्याच्यावर खेकसला होता, तेही कुणीतरी जाऊन सांगितलं. निष्काळजीपणा तर निष्काळजीपणा. त्याहून वाईट काही निघालं तर तेही लावू, असं सार्जंट चारचौघांत म्हणाला.

रोझिलेनी, त्याची बायको, भरल्या पोटानं ग्रॉनियाच्या दारात उभी राहिली.

"त्याला आत टाकलं तर मी काय करू? आम्हाला आमच्या देशात परत धाडतील. हे मूल कुठं जन्माला घालू मी?" तिनं ग्रॉनियाचा हात घट्ट धरला. "म्हाताऱ्यानंच त्याला शिकवलं होतं, डॉक्टर. गुरांशी कुजबुजून बोलायचं, काठी नाही, ओरडणं नाही. तो त्याला बापासारखा होता हो!"

 ग्रॉनिया भाड्यानं राहत होती ते घर अट्रॅक्टाचं. गावातल्या निम्म्या चुलींवर अट्रॅक्टाच्या पगाराची भाजी शिजायची. मुलकेरिनांविरुद्ध ब्र काढलेला माणूस त्या गावात तिनं अजून पाहिला नव्हता. "बघते," एवढंच ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाची तिला लाज वाटली.

कामावर जाऊन ती थंडघरात शिरली. आदल्या दिवशीची सोललेली धडं रांगेनं टांगलेली होती. रात्रभर गारठली की बरगडीपाशी काप घ्यायचा, आणि आतल्या मांसाचा रंग, चरबी बघून प्रत ठरवायची, हे रोजचं काम. पहिल्या आकड्यांवर तेच आठ खोंड होते.

मांस लालबुंद, चेरीसारखं. आठही.

ती पुढे गेली. मागच्या फाटकाजवळच्या कप्प्यातल्या कालवडी, टेकडीवरच्या एका गरीब स्वभावाच्या शेतकऱ्याच्या. त्याच्या कालवडी लहान पोरानं हाकल्या तरी चालायच्या. तिनं पहिला काप बघितला आणि हात जागीच थांबला.

मांस काळं होतं. जांभळट काळं, बोटाला चिकटणारं. दुसरीचं तसंच. तिसरीचं, चौथीचं, अख्ख्या कप्प्याचं तसंच.

थंडघरात कुणी नव्हतं. आकड्यांच्या साखळ्या वाऱ्यानं किणकिणत होत्या. ग्रॉनियाला एकाएकी वाटलं, कुणीतरी मागे उभं आहे. तिनं गर्रकन वळून बघितलं, आणि मग त्या रांगेला 'हलवू नये' अशी चिठ्ठी लावून पळतच बाहेर आली.

३

या धंद्यातल्या माणसाला काळ्या मांसाचा अर्थ सांगावा लागत नाही. जनावर तासन् तास भ्यालं, की त्याच्या अंगातली साखर जळून जाते. मग कापल्यावर मांस लाल होत नाही, काळंच राहतं. क्षणभर दचकलं, बुजलं तर काही होत नाही. रात्रभर भ्यावं लागतं.

मग रात्रभर डुरकणारे, मोकळे सुटलेले, माणूस तुडवणारे खोंड लालबुंद कसे? आणि दूर मागच्या टोकाला गुपचूप रवंथ करणाऱ्या कालवडी काळ्या कशानं?

सार्जंटला सांगावं तर तो हसणार. ग्रॉनियानं ठरवलं, आधी आपणच विचारू. रोझिलेनीच्या हाताची पकड मनगटावरून जात नव्हती.

पुढच्या फाटकावरचा राखणदार फेस्टस केबिनमध्ये टीव्ही बघत बसला होता. खोंडांचे कप्पे त्याच्या केबिनला लागूनच.

"खोंड? डुरकत होते?" त्यानं चांगला कान पुढे केला. "अगं बाळ, पाद्र्याच्या प्रवचनाला गाव झोपावं तसे झोपले होते. मी सार्जंटला म्हटलं तसं. तर तो म्हणतो, फेस्टस, तू अर्धा बहिरा आणि उरलेला अर्धा झिंगलेला! आता मी रात्री घोटभर घेतो, नाही म्हणत नाही. पण आठ खोंड माझ्या उशाशी डुरकले तर मेलेला माणूससुद्धा उठेल."

"रात्री कोण आलं-गेलं?"

"कोणी नाही. संध्याकाळी व्हाल्देसीर आणि त्याची चौकडी व्हॅनमधून गेली, ती सकाळी तशीच एकत्र आली. गाडी मीच आत घेतली." तो घुटमळला. "आणि... फर्गल येऊन गेला. दिवेलागणीला. कुणाला सांगू नकोस म्हणाला, पण तू डॉक्टर आहेस."

 फर्गलनं तर सगळ्यांना सांगितलं होतं, आपण गॉल्वेतून हललोच नाही म्हणून.

मुलकेरिनांच्या घरी प्रेत बैठकीत ठेवलं होतं. गाव रांगेनं येत होतं, घरच्यांचे हात हातात घेऊन 'वाईट झालं हो' म्हणत होतं, आणि स्वयंपाकघरात हॅमचे सँडविच आणि चहा चालला होता. फर्गल मागच्या पडवीत सिगरेट ओढत होता. ग्रॉनियानं सरळ विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हळू बोल, बाई! आत ती आहे." त्यानं दाराकडे बघितलं. सख्ख्या बहिणीला इतका भिणारा माणूस ग्रॉनियानं पाहिला नव्हता. "आलो होतो. कारखाना विकायचं ठरलंय. परदेशातली मोठी कंपनी आहे. मला वाटलं होतं, बाबा थुंकून घालवतील. पण ते म्हणाले, थकलो रे. हातावर हात मारून हो म्हणाले. 'अट्रॅक्टाला मीच सांगतो, आज रात्रीच सांगतो, तू पळ' म्हणाले. आणि मी पळालो. पहिल्यापासून मी पळतच आलोय."

"मग काल सकाळी लाइन बंद ठेवायला नाही सांगितलंत?"

"फोनवर ओरडून सांगितलं, आठवडाभर बंद ठेवू, गुरांना चारा-पाणी घाला, बसू देत. ती ऐकते का? लाइन थांबली तर तिचा श्वास थांबेल."

त्याच वेळी दार उघडलं. अट्रॅक्टा हातात चहाची किटली घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"चहा घे, ग्रॉनिया," ती म्हणाली. "आणि माझ्या कालवडी तू अडवून का ठेवल्यास, ते मला जरा सांगशील?"

"रंग... रंग काळा आहे."

"मग खिमा करायचा. काळ्याचा खिमाच करतात. उद्या सकाळी सगळ्या यंत्रात जातील, मी सांगून ठेवलंय."

किटलीतून चहा ओतताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. 

४

"मांसाच्या रंगावरून मी मिस मुलकेरिनला पकडू?" सार्जंट कॉइन फोनवर म्हणाला. "गाव मला उलटं टांगेल, बाई!"

"तुम्ही नुसतं ऐका. कडी संध्याकाळपासून उघडी असती, तर आठ खोंड अनोळखी बोळात रात्रभर एकमेकांवर चढले असते, भांडले असते. मांस कोळशासारखं निघालं असतं. ते लाल आहे. म्हणजे कडी पहाटे, अगदी शेवटी काढली. त्या वेळी व्हाल्देसीर घरी होता, मग चौघांबरोबर व्हॅनमध्ये. त्याच्या हातून हे झालेलंच नाही!"

"पुढे बोला," सार्जंट म्हणाला.

"म्हातारा मागच्या बाजूला मेला, कालवडींच्या कप्प्याशी. आणि पटकन नाही मेला, सार्जंट. कालवडी रात्रभर भीत होत्या. तिथून त्याला लंगडी जनावरं ओढायच्या गाडीवर घालून खोंडांपाशी आणलं असणार. पुढच्या फाटकातून फर्गल गेला, परत कुणी आलं नाही. मागचं फाटक फक्त मुलकेरिनांच्या परसात उघडतं. घरात दोनच माणसं राहत होती. आणि खोंड रात्रभर डुरकले हे फक्त एकाच माणसानं ऐकलं."

सार्जंटनं घसा खाकरला. "सकाळी दफन आहे. ते उरकलं की येतो," तो म्हणाला.

दफन उरकेपर्यंत कालवडींचा खिमा झाला असता. सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असताना ग्रॉनिया एकटी थंडघरात गेली. सरकारी डॉक्टर अडवून धरते म्हटल्यावर माणसं धडं हलवणार नाहीत, एवढाच तिचा हिशेब होता. ती काळ्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली. 

मागे दार धडकन लागलं.

"बापाच्या प्रार्थनेला मी नाही, म्हणून लोक बोलतील," अट्रॅक्टा म्हणाली. काळ्या पोशाखावर तिनं पांढरा कोट चढवला होता. पट्ट्याला सुरी होती. "बोलू देत. तू काय बघतेस ते मलाही बघू दे."

ग्रॉनिया मागे सरकली. पाठीला गार धड टेकलं. आता ओरडलं तरी ऐकणार कोण? दार बोटभर जाडीचं नव्हतं, वीतभर होतं.

अट्रॅक्टानं सुरी काढली. ती ग्रॉनियाच्या अगदी जवळून पुढे गेली, पहिल्या कालवडीच्या बरगडीत पातं घातलं, आणि एका झटक्यात ताजा काप उघडला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. प्रत्येक कापावर ती अंगठा फिरवत होती. पुरं आयुष्य मांस बघण्यात गेलेली बाई ती. तिला कोण काय समजावणार?

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

"इतक्या भ्याल्या?"

ग्रॉनियानं मान डोलावली. 

"मला वाटलं, त्या झोपल्यात," अट्रॅक्टा म्हणाली. "एकीनंही हंबरडा फोडला नाही. कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मी वळून बघितलंच नाही त्यांच्याकडे."

"आठवडाभर लाइन थांबवली असती, तर त्या शांत झाल्या असत्या," ग्रॉनिया कशीबशी बोलली. "चरल्या असत्या. मांस लाल झालं असतं. मला काहीच कळलं नसतं. फर्गल तेच सांगत होता."

"आणि लाइन थांबवणारी मी कोण?" अट्रॅक्टा हसली. ते हसू बघून ग्रॉनियाला जास्त भीती वाटली. "माझं एवढं एकच तर आहे."

सुरी अजून तिच्या हातात होती. ती बोलत होती ती त्या कालवडींशी बोलल्यासारखी.

"कालवडींच्या कप्प्यावरून जायच्या फळीवर उभे होतो, मी आणि बाप. रोज बघायचो तसे. म्हणाला, विकलं. मी म्हटलं, कुणाला विचारून? तर म्हणतो, फर्गलला विचारून. पाटीवर त्याचं नाव आहे ना! माझा हात लागला की त्याचा पाय सुटला, देवाला माहीत. खाली पडला. कंबर मोडली होती, उठता येईना. मी खाली आले, म्हटलं, आत्ता डॉक्टर बोलावते. फक्त एवढं म्हणा, की विकत नाही."

"आणि?"

"शब्द दिलाय म्हणाला. मुलकेरिनचा शब्द. मग मीही मुलकेरिनच. बादली पालथी घातली आणि बसले. मला वाटत होतं, आता म्हणेल. आता तरी म्हणेल." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तर हाका मारायला लागला. मला नाही! मी हाताच्या अंतरावर बसलेली, त्याची पोटची पोर. आणि तो 'व्हाल्देसीर, व्हाल्देसीर' करतोय. पाणी दे म्हणतोय व्हाल्देसीरला. पहाट होईस्तोवर तेच एक नाव. शेवटी आवाज बसला, तरी ओठ तेच करत होते."

"म्हणून कडी त्याच्या माथी मारलीत," ग्रॉनिया म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

अट्रॅक्टा वळली. दोघींमध्ये सुरीएवढंच अंतर होतं. ग्रॉनियानं डोळे मिटून घेतले. 

मग पाण्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले. अट्रॅक्टानं सुरी भिंतीवरच्या कढत पाण्याच्या पेटीत बुडवली होती, काम संपल्यावर बुडवायची असते तशी. कोटाला हात पुसून तिनं दार ओढलं.

"मॉरिसला म्हणावं, मी ऑफिसात आहे," ती म्हणाली. "आणि हा माल माणसांच्या पोटात जाऊ देऊ नकोस."

५

व्हाल्देसीरला संध्याकाळी सोडलं. त्याला आणायला ग्रॉनियाच गेली, कारण रोझिलेनीला चालवत नव्हतं आणि गावातलं दुसरं कुणी जाणार नव्हतं. म्हातारीकोतारी माणसं दारात उभी राहून तिच्या गाडीकडे बघत होती. कारखाना आता विकला जाणार, माणसं कमी करणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. ओळख दाखवायला कुणी हात वर केला नाही.

तो गाडीत बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.  झुडपांमागून शेतं सरकत होती, त्यांत गुरं मान खाली घालून चरत होती.

"सार्जंट मला धड काही सांगेना," शेवटी तो म्हणाला. "म्हणाला, तुझा काही संबंध नाही, घरी जा. डॉक्टर, ते पडले तेव्हा... लगेच गेले का?"

ग्रॉनियानं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मी चौकीत पडल्या पडल्या तोच विचार करत होतो. त्या संध्याकाळी मीच व्हॅन थोडी लवकर काढायला लावली. रोझिलेनीचे पाय सुजले होते ना, म्हणून. ते मला म्हणाले, जा रे, मी बघतो गुरांना. मी थांबलो असतो तर? त्यांनी कुणाला हाक मारली असेल का, डॉक्टर?"

कोर्टात सगळं निघणार होतं. अट्रॅक्टा काही लपवणारी नव्हती. वकील विचारतील, पेपरात येईल, एक ना एक दिवस कुणीतरी त्याच्या तोंडावर सांगेल. हे सगळं ग्रॉनियाला ठाऊक होतं. समोर त्याचं घर दिसायला लागलं होतं. दारात रोझिलेनी पोटावर हात ठेवून उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "हाक मारायला वेळच मिळाला नाही त्यांना. लगेच गेले."

व्हाल्देसीरनं छातीवर क्रूस काढला, खिडकीला डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"देवाची कृपा," तो म्हणत होता. "देवाची कृपा, डॉक्टर."